रोग नंतर आला, मंदी आधी आली
नव्या साथीच्या पहिल्या दिवसांत ग्राहक असा का वागतो?

गोंदिया जिल्ह्यात कोरोनाचा पहिला रुग्ण मार्च २०२० च्या अखेरच्या आठवड्यात आढळला. तो बरा झाला आणि त्यानंतर मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत जिल्हा जवळजवळ कोरा होता. मुंबई-पुण्याकडे कामाला गेलेली माणसे परतू लागली तेव्हा आकडा चढू लागला. ही झाली रोगाची हकीकत.

आता बाजाराची हकीकत पाहा. कोंबडीचा धंदा राज्यभर फेब्रुवारीतच बसला, आणि विदर्भही त्याला अपवाद नव्हता. मास्क व हात धुण्याची औषधे मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच दुकानांतून नाहीशी झाली. भाजी-फळांच्या हातगाडीवर माल पाहण्याआधी विक्रेत्याचे नाव विचारण्याची लाट एप्रिलमध्ये देशभर उठली. म्हणजे गोंदियासारख्या जिल्ह्यात रोग नव्हताच म्हटले तरी चालेल, अशा काळात बाजारातील भीती सर्वांत मोठी होती. पुढे २०२१ च्या फेब्रुवारीपासून दुसरी लाट विदर्भातूनच वर चढली, घराघरांत माणसे दगावली. पण ती चढू लागली तेव्हा बाजारात गर्दी होती, लग्ने होत होती आणि कोंबडीवर कुणाचाही राग नव्हता.

रोगाची तारीख आणि भीतीची तारीख यांत एवढे अंतर का पडते, हे व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेणे जरूर आहे. कारण हा प्रकार २०२० मध्ये पहिल्यांदा घडला नाही आणि शेवटचाही नाही. नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावल्याचे जानेवारी २०२५ मध्ये उघड झाले. त्याच सुमारास पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुलियन बारे या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण वाढले. दोन्ही वेळा पहिला प्रश्न विचारला गेला तो चिकन दुकानदाराला.

टाळणे फुकट असते

कोंबडीवर संशय आला कसा? चीनमधील वुहान शहरात डिसेंबर २०१९ च्या अखेरीस हा आजार उघडकीस आला, आणि सुरुवातीच्या रुग्णांचा संबंध तेथील मासळी व जिवंत प्राण्यांच्या बाजाराशी जोडला गेला. दूरदर्शन वाहिन्यांवर त्या बाजाराची दृश्ये फिरू लागली. ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये भारतातील पहिला रुग्ण सापडला. तोवर मोबाईलवर संदेश सुटलेच होते. मूळ बातमी जिवंत प्राण्यांच्या बाजाराची होती. चार हातांतून जाताना तिचे मांस झाले, आणि आपल्याकडे रोज विकले जाणारे मांस म्हणजे ब्रॉयलर कोंबडी.

याला जुन्या आठवणीचे खतपाणी मिळाले. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू सापडला होता. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या आणि राज्यभर चिकनचा खप कोसळला. त्यामुळे 'नवा रोग' आणि 'कोंबडी' हे दोन शब्द लोकांच्या मनात एकत्र बसले होते. वास्तविक दोन्ही गोष्टी अगदी वेगळ्या. बर्ड फ्लू हा मुळात पक्ष्यांचा रोग. आजारी पक्षी हाताळणाऱ्याला तो क्वचित होतो, आणि मांस नीट शिजवले की त्याचा विषाणू मरतो. कोरोना पसरला तो माणसाच्या श्वासातून माणसाला. कोंबडीपालन करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते. कोंबड्यांचा स्वतःचा एक कोरोना विषाणू फार जुना आहे. त्याने पिल्लांना श्वासाचा विकार होतो आणि त्यावर नेहमीची लस दिली जाते. त्याचा माणसाला काही त्रास नाही. पण 'कोंबडीला कोरोना होतो' एवढे अर्धे वाक्य कुणी ऐकले, तर पुढचे ऐकायला तो थांबत नाही.

आता मुख्य मुद्दा. अफवा खरी की खोटी हे ग्राहक तपासत बसत नाही, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तपासले नसते. त्याचा हिशेब साधा असतो. चिकन दोन महिने न खाल्ल्याने त्याचे काय बिघडते? काहीच नाही. डाळ आहे, अंडी आहेत, वांगी-बटाटे आहेत. हजारात एक वाटा संशय असला तरी तो टाळतो, कारण टाळण्याला त्याला एक पैसाही खर्च येत नाही. त्याच काळात नोटांवरून रोग पसरतो अशीही अफवा जोरात होती. नोटा घेणे कुणी बंद केले? गोंदियाच्या राईस मिलमधला तांदूळ अनेक हमालांच्या पाठीवरून जातो. तांदूळ कुणी सोडला? ज्या वस्तूवाचून चालते आणि जिच्याऐवजी शेजारीच दुसरी मिळते, तिच्यावरच अफवा चिकटते. तेव्हा अफवेचा फटका कुणाला बसेल हे रोगाच्या स्वरूपावरून कमी आणि धंद्याच्या स्वरूपावरून जास्त ठरते. आमच्या समाजातील अनेकांचे धंदे नेमके असे आहेत: चिकन-मटण, हातगाडीवरची फळे, बांगड्या, खेडोपाडी फिरून विकलेले कापड, भंगार. ग्राहकाला हे सारे सहज टाळता येते.

नुकसान कुणाच्या अंगावर पडले

कोंबडीच्या धंद्याची साखळी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हॅचरीत निघालेले एक दिवसाचे पिल्लू शेडवर येते, साधारण चाळीस दिवसांत ते दोन किलोच्या आसपास भरते, आणि मग ते विकलेच पाहिजे. पुढे ठेवले तर ते रोज खाद्य खाते आणि वजन त्या प्रमाणात वाढत नाही. खर्चाचा मोठा भाग मका व सोयाबीनच्या खाद्याचाच असतो. धान्य भाव येईपर्यंत कोठारात ठेवता येते, कोंबडी ठेवता येत नाही. म्हणून मागणी घटली की भाव पायरीपायरीने उतरत नाही, एकदम खाली येतो.

मार्च २०२० मध्ये तेच झाले. उत्पादनखर्च किलोला सत्तर-ऐंशी रुपयांच्या घरात असताना जिवंत कोंबडीचा शेडवरील भाव काही ठिकाणी दहा-पंधरा रुपयांवर आला. बेळगाव जिल्ह्यातील गोकाक तालुक्यात एका कुक्कुटपालकाने सुमारे सहा हजार कोंबड्या जिवंत पुरल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. पालघर जिल्ह्यात एका व्यावसायिकाने लाखांच्या संख्येने पिल्ले व उबवणीची अंडी नष्ट केल्याचे वृत्त आले.

साखळीत प्रत्येकाच्या वाट्याला वेगळे नुकसान आले. कंपनीशी करार करून कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्याला वाढवणुकीची मजुरी किलोमागे मिळते; भावातील तोटा कंपनी सोसते, पण ती पुढची पिल्ले देत नाही आणि शेड रिकामे राहते. स्वतःच्या भांडवलावर पाळणारा मात्र पुरता बुडाला. किरकोळ दुकानदाराचे दुखणे निराळे. त्याच्याकडे साठा नसतो, रोज येतो तेवढा माल तो रोज विकतो, तेव्हा माल पडून राहिल्याचा तोटा त्याला कमी. पण दुकानाचे भाडे, कापणाऱ्या दोन पोरांची रोजी, विजेचे बिल हे सारे चालूच. वीस किलोच्या विक्रीवर शंभर किलोचा खर्च निघत नाही. भाव उतरल्याने खप वाढेल ही आशाही फोल ठरली, कारण भीतीने दूर गेलेला ग्राहक स्वस्ताईने परत येत नाही. किंबहुना अचानक स्वस्त झालेला माल पाहून त्याचा संशय पक्का होतो. 'इतके स्वस्त का देतात' हा प्रश्न अनेक दुकानदारांनी त्या दिवसांत ऐकला असेल.

सरकारने काय केले? केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने कोंबडीतून हा रोग पसरल्याचा कोणताही पुरावा नसल्याचे जाहीर केले. राज्याचे तत्कालीन पशुसंवर्धनमंत्री सुनील केदार यांनीही चिकन खाण्यास सुरक्षित असल्याचे सांगितले. हैदराबादेत २८ फेब्रुवारी रोजी तेलंगणाच्या मंत्र्यांनी व्यासपीठावर चिकन खाऊन दाखवले. हे सर्व ठीकच झाले, पण त्याने भाव सावरला नाही. मंत्र्याने खाल्ले म्हणून आपण खावे असे फार थोड्यांना वाटते. सरकारी खुलासा गल्लीपर्यंत पोहोचायला आठवडे लागले, आणि संदेश पोहोचायला एक रात्र पुरली होती.

धंदा सावरला तो वेगळ्याच कारणाने. २४ मार्च रोजी देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा मांस-मासळीची दुकाने जीवनावश्यक म्हणून वगळण्यात आली. हॉटेले बंद, लोक घरात, बोकडांची आवक आखडलेली. दोन-तीन आठवड्यांत लोक चिकनकडे परतले, पण तोवर शेडमध्ये पक्षीच उरले नव्हते. मार्चमध्ये पिल्ले टाकली गेली नाहीत, म्हणून मे महिन्यात कोंबडी तयार झाली नाही. दहा-पंधरा रुपयांवर आलेला भाव मे-जूनमध्ये शंभरापार गेला आणि ग्राहकाला किरकोळीत दोनशे रुपयांहून जास्त मोजावे लागले. ज्याने अफवा ऐकून चिकन सोडले त्यानेच शेवटी जादा भाव भरला. मधल्या काळात ज्यांची शेडे बंद पडली त्यांना या तेजीचा एक रुपयाही मिळाला नाही.

विक्रेत्यालाच टाळणे

टाळणे फुकट असते हा हिशेब वस्तूपुरता राहिला असता तरी बरे होते. मार्च २०२० च्या अखेरीस दिल्लीतील निजामुद्दीन मरकजमधील कार्यक्रमाला गेलेल्यांमध्ये रुग्ण आढळले. दाटीवाटीने एकत्र राहिलेल्या माणसांत साथ पसरते. ती तेथे पसरली, यात वाद नाही. पण पुढच्या आठ-दहा दिवसांत वाहिन्यांनी आणि मोबाईलवरील संदेशांनी त्याचा असा काही गोळा केला की दिल्लीचे नावही न ऐकलेल्या फळवाल्याला त्याची किंमत मोजावी लागली.

यात एका चित्रफितीचे उदाहरण घेण्यासारखे आहे. मध्य प्रदेशातील रायसेन येथील एक वृद्ध फळविक्रेता फळे हाताळताना बोटाला थुंकी लावतो, असे ते दृश्य होते. ते एप्रिलमध्ये देशभर फिरले आणि मुद्दाम रोग पसरवण्याचा पुरावा म्हणून दाखवले गेले. प्रत्यक्षात ते फेब्रुवारीच्या मध्यातील होते, देशात टाळेबंदीचे नावही नव्हते तेव्हाचे; आणि त्या गृहस्थांची मानसिक अवस्था ठीक नसल्याचे त्यांच्या घरच्यांनी सांगितले. ती सवय गलिच्छच होती, तिचे समर्थन आम्ही करणार नाही. पण एका माणसाच्या सवयीचे लाखो गाडीवाल्यांवर आरोपपत्र झाले, आणि ते मान्य करायला ग्राहकाला काही मोजावे लागले नाही, कारण दुसरी गाडी चार पावलांवर उभी होती.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ८ एप्रिल रोजी सूचनापत्रक काढून कोणत्याही समाजाला वा वस्तीला रोगासाठी जबाबदार धरू नये असे सांगितले. १९ एप्रिल रोजी पंतप्रधानांनीही हा रोग धर्म, जात, भाषा पाहत नाही असे लिहिले. न्यायालयांचे निर्णय त्यानंतर काही महिन्यांनी आले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी तबलीगच्या परदेशी सदस्यांवरील गुन्हे रद्द केले. न्या. नलावडे यांनी त्या निकालात, साथीच्या वेळी सरकार बळीचा बकरा शोधते आणि या परदेशी लोकांना तसे निवडले गेल्याची शक्यता दिसते, अशा आशयाचे मत नोंदवले. सप्टेंबरमध्ये नागपूर खंडपीठानेही म्यानमारच्या आठ नागरिकांवरील गुन्हा रद्द केला. त्यांच्या हातून रोग पसरल्याचा पुरावा नव्हता. न्याय मिळाला, पण तो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. उन्हाळ्यातील टरबूज-खरबुजाचा आणि रमजानचा हंगाम एप्रिल-मेमध्येच निघून गेला होता, आणि हातगाडीवाल्याच्या वर्षभराच्या कमाईचा मोठा वाटा त्याच दोन महिन्यांचा असतो.

येथे आम्हाला एक खबरदारीची गोष्ट सांगायची आहे. त्या दिवसांत ज्याला त्याला 'बहिष्कार' दिसत होता. काही ठिकाणी तो खराच होता. पण गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरीकडे धंदा बसण्याची इतरही कारणे होती. आठवडी बाजार बंद, रेल्वे बंद, बालाघाट व राजनांदगावकडील सीमा बंद. पूर्व विदर्भातील कित्येक खेड्यांनी वेशीवर लाकडे आडवी टाकून बाहेरच्या प्रत्येकाला मज्जाव केला. फिरून माल विकणाऱ्याला त्याचा सर्वाधिक फटका बसला, पण त्या लाकडापाशी गावाचे स्वतःचे लेक-जावईही अडवले गेले. तेलंगणात मिरची तोडायला गेलेले पूर्व विदर्भातील मजूर परतले तेव्हा त्यांना शाळेत किंवा शेतात पंधरा दिवस काढावे लागले. मुंबई-कोलकाता महामार्गाने देवरीवरून छत्तीसगडकडे पायी निघालेल्या हजारो माणसांना वाटेत कुणी भाकरी दिली, तर कुणी दारही उघडले नाही. आपल्यावरचा अन्याय ओळखावा, पण प्रत्येक बंद दार आपल्याच नावाने बंद झाले असे धरले तर धंद्याचे निदान चुकते आणि उपायही चुकतो.

भीती उलट दिशेनेही चालते

सव्वाशे वर्षांपूर्वीची मुंबईची प्लेगची साथ या संदर्भात वाचण्यासारखी आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिले रुग्ण ओळखले. थोड्याच महिन्यांत शहरातून लाखो लोक पळाले. सरकारी दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही, तेथे त्याचे काहीतरी करतात, अशी अफवा उठली आणि ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. पुढे ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यातील विणकरांनी, म्हणजे आपल्याच मोमीन-जुलाहा कारागिरांनी, घरातील एका मुलीच्या तपासणीला विरोध केला. त्यातून दंगल पेटली आणि बळी गेले. तपासणी करणारे गोरे अधिकारी अरेरावी करीत, पडदानशीन स्त्रियांचा मान ठेवीत नसत, हे खरे. पण प्लेगही खरा होता आणि तो विणकरांच्या दाट वस्तीतच जास्त माणसे मारीत होता.

त्याच काळात भायखळ्याला हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली. लोक ती घ्यायला धजत नव्हते. तेव्हा तरुण आगाखान, सुलतान मुहंमद शाह, यांनी स्वतः सर्वांसमोर ती टोचून घेतली आणि त्यांच्या खोजा जमातीत लस घेणाऱ्यांची संख्या वाढली. हैदराबादच्या व्यासपीठावरील चिकनचा प्रसंग आणि हा प्रसंग दिसायला सारखे आहेत, पण परिणाम वेगळा झाला. आगाखानांना बघणारे लोक त्यांना आपले मानत होते आणि सुई टोचून घेताना त्यांनी स्वतःचा जीव पणाला लावल्याचे त्यांना दिसत होते.

२०२० मध्ये मालेगावात यंत्रमाग बंद पडले आणि रुग्ण झपाट्याने वाढले, तेव्हाही सुरुवातीला सर्वेक्षणाला येणाऱ्यांना घरोघरी संशयाने पाहिले गेले. नागरिकत्वाच्या नोंदींचा वाद तेव्हा ताजा होता. स्थानिक डॉक्टर व मौलाना पुढे आले तेव्हा दारे उघडू लागली. गाव छोटे असो की मोठे, खुलासा कोण करतो यावरच तो पटणे न पटणे अवलंबून असते.

आणखी एक उदाहरण थोडक्यात. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेला प्लेगची बातमी फुटली. त्याआधी ऑगस्टमध्ये आपल्याच बीड जिल्ह्यात मामला गावी रुग्ण निघाले होते. काही दिवसांत सुरतेतून लाखो लोक बाहेर पडले, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांत मिळेनाशा झाल्या, परदेशांनी विमाने रोखली. देशभरातील मृत्यू साठांच्या आत राहिले, पण हिरे व कापडाच्या व्यापाराचे नुकसान त्याच्या कितीतरी पट मोठे होते. पळून गेलेल्या मजुराला परत आणायला मालकांना सणासुदीचा हंगाम घालवावा लागला.

मागणी वाढली तेथे काय झाले

भीतीने काही वस्तूंची मागणी घटवली तशी काहींची वाढवलीही. मार्च २०२० मध्ये मास्कचे भाव इतके चढले की केंद्राने १३ मार्चला मास्क व सॅनिटायझर यांना जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली आणले आणि २१ मार्चला कमाल दर ठरवले: दोन पदरी मास्क ८ रुपये, तीन पदरी १० रुपये, सॅनिटायझरची २०० मिलिलिटरची बाटली १०० रुपये. हा आदेश ३० जूनपर्यंत होता. ज्यांनी चढ्या भावात माल भरून ठेवला होता ते अडकले. आमच्या मते योग्यच झाले. भीतीवर कमावलेला पैसा ग्राहक विसरत नाही, आणि लहान गावात तर मुळीच नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आरोग्य मंत्रालयाने घरगुती कापडी मास्क वापरण्यास सांगितले आणि शिंपी बांधवांना थोडे काम मिळाले. लग्नसराई गेली होती, जूनचे शाळेचे गणवेश गेले होते. एका नगाला मिळणारी शिलाई जेमतेम होती आणि बचत गटांच्या महिलाही त्याच कामात उतरल्या होत्या. तरी ज्या कारागिराने सुती कापड, तीन पदर, धुता येण्याजोगी शिवण असा एकच नमुना धरून शे-पाचशे नगांच्या ऑर्डरी ग्रामपंचायती व संस्थांकडून मिळवल्या, त्याची मशीन चालू राहिली. बिडी कामगारांना असा पर्याय नव्हता. पानटपऱ्या बंद, थुंकण्यावर दंड, माल उचलणारा कुणी नाही. आणि नेमका त्याच दिवसांत तेंदूपत्त्याचा हंगाम आलेला. राईस मिलना मजूर मिळाले तर बारदान नव्हते, कारण बंगालमधील ताग गिरण्या बंद होत्या.

पहिल्या पंधरा दिवसांत काय करावे

पुढच्या वेळी रोगाचे नाव निराळे असेल. चिकन-मटणाच्या दुकानदारांसाठी आम्ही एवढेच सुचवतो की अफवा खोडून काढण्यात शक्ती घालवू नये. वादाने ग्राहक परतत नाही. दिसेल असे काहीतरी बदलावे: कापण्याची जागा धुतलेली, झाकलेला माल, हातमोजे, पिसे-आतडी रोजच्या रोज उचललेली, आणि कोंबडी कोणत्या शेडची आहे हे विचारल्यास सांगता येणे. अन्न सुरक्षा खात्याचा परवाना वा नोंदणी भिंतीवर लावलेली असावी. भाव एकदम पाडण्याऐवजी आवक निम्मी करावी. पुरवठादाराशी आधीच ठरवून ठेवावे की मंदीत माल कमी उचलला तरी उधारीचा तगादा लागणार नाही. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचे लेखी पत्र घेऊन ते दुकानदारांच्या संघटनेमार्फत स्थानिक वर्तमानपत्रात छापून आणावे. एकेकट्या दुकानदाराने स्वतःच्या मालाची ग्वाही दिली तर तिला वजन नसते.

अर्धसत्य असेल तेथे ते मान्य करावे. पुण्याच्या २०२५ च्या प्रकरणात दूषित पाण्याकडे मुख्य बोट होते, पण त्या विकाराला निमित्त होणारा एक जंतू कच्च्या चिकनवर सापडू शकतो हेही खरे आहे. अशा वेळी 'काही होत नाही' असे म्हणण्यापेक्षा 'पूर्ण शिजवा, चिकनची सुरी-फळी भाजीला वापरू नका' असे सांगणारा दुकानदार जास्त विश्वासाचा वाटतो. बर्ड फ्लू असेल तर नियमही माहीत असावा. बाधित ठिकाणाभोवतीचे पक्षी सरकार मारते व त्याची भरपाई पक्ष्याच्या मालकाला देते. आधीच मेलेल्या पक्ष्यांची नाही, आणि किरकोळ दुकानदाराच्या बुडालेल्या विक्रीची तर नाहीच. २०२० च्या अफवेत एकही पक्षी रोगाने मेला नव्हता, तेव्हा भरपाईचा प्रश्नच आला नाही.

कुणी एखाद्या दुकानाचे किंवा समाजाचे नाव घेऊन खोटा संदेश फिरवला तर तो पुसू नये. तारीख व पाठवणाऱ्याचा क्रमांक दिसेल असे चित्र काढून पोलिसांकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ खाली आपत्तीबद्दल घबराट पसरवणारी खोटी वार्ता देणाऱ्यास एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. तोच संदेश उलट उत्तरासह चार गटांत पाठवणे मात्र टाळावे, त्याने अफवेचाच फेरा वाढतो.

शेवटची गोष्ट कागदाची, आणि आमच्या मते तीच सर्वांत दुर्लक्षित. मे २०२० मध्ये केंद्राने लहान उद्योगांना तारणाशिवाय जादा कर्जाची योजना आणली, पण ती २९ फेब्रुवारी २०२० रोजी ज्याच्या नावावर बँकेचे कर्ज चालू होते त्याच्यासाठी; त्या कर्जाच्या वीस टक्के. १ जूनला फेरीवाल्यांसाठी दहा हजारांच्या कर्जाची पंतप्रधान स्वनिधी योजना आली, पण त्यासाठी २४ मार्चपूर्वीपासून धंदा करीत असल्याचे नगरपालिकेचे प्रमाणपत्र, ओळखपत्र वा शिफारसपत्र लागत होते. वीस वर्षे त्याच कोपऱ्यावर उभा असलेला गाडीवाला, नाव पालिकेच्या सर्वेक्षणात नाही म्हणून शिफारसपत्रासाठी खेटे घालत राहिला. गोंदिया नगरपालिका असो की तिरोड्याची, फेरीवाल्यांच्या यादीत नाव आहे की नाही हे साथ नसताना जाऊन पाहता येते. चिकन दुकानदारांनी उद्यम नोंदणी करून घ्यावी. किरकोळ व्यापाऱ्यांना ती जुलै २०२१ पासून खुली आहे आणि तिला शुल्क नाही. रोजच्या विक्रीचा निदान अर्धा भाग बँकेच्या खात्यातून फिरवावा. फेब्रुवारीत विक्री किती होती आणि मार्चमध्ये किती उरली, हे ज्याला खात्याच्या उताऱ्यावरून दाखवता येते, त्याच्याशीच बँकेचा अधिकारी पुढचे बोलतो.